गिलाव्याचे पाणी

वैशाखात मुलीचे लग्न ठरले की व्यापारी घरात दोन वह्या उघडल्या जातात. एक लग्नाच्या खर्चाची आणि दुसरी घराच्या दुरुस्तीची. पहिल्या वहीत कापड, भांडी, स्वयंपाकी, मंडप यांचे भाव तीन-तीन ठिकाणी विचारून मांडलेले असतात. दुसऱ्या वहीत बहुधा एकच ओळ सापडते : ‘प्लास्टर व रंग, अंदाजे इतके.’ पहिल्या वहीतील चूक लग्नाच्या दिवशी ध्यानात येते आणि पाहुण्यांची पाठ फिरताच विसरलीही जाते. दुसऱ्या वहीतील चूक मात्र पुढच्या आषाढात भिंतीवर पांढऱ्या बुरशीसारखी उमटते आणि त्यानंतर दर वर्षी उमटत राहते.

नांदुऱ्यात ही चूक अन्य गावांपेक्षा महाग पडते. ज्या डोंगररांगेमुळे बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग पडले आहेत, तिच्या उत्तरेला, पूर्णा नदीच्या सपाट खोऱ्यात हे गाव वसले आहे. येथील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी बुलढाणा, अकोला आणि अमरावती या जिल्ह्यांतून पसरलेला खारपाण पट्टा शेतकऱ्यांना ठाऊक आहेच. पण विहिरीच्या आणि बोअरच्या ज्या खाऱ्या पाण्याने पिकाची पाने करपतात, त्याच पाण्याने घराची भिंतही करपते, हे घर बांधणाऱ्यांच्या लक्षात उशिरा येते. जिगाव प्रकल्पामुळे या तालुक्यातील अनेक कुटुंबे जुनी मातीची घरे सोडून नव्या वसाहतींत सिमेंटची घरे बांधू लागली आहेत. त्यांच्यासाठी तर हा प्रश्न एका खोलीचा नसून साऱ्या घराचा आहे.

गिलावा करणे हे गवंड्याचे काम, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. भिंत ओळंब्यात आणणे, कोपरा गुण्यात बसविणे, रंध्याने पृष्ठभाग एकसारखा करणे, ही कसबे गवंड्याची आणि तो ती चार-सहा दिवसांत आटोपून दुसऱ्या कामावर निघून जातो. पाणी मात्र घरालाच सांभाळावे लागते. माल कालवण्याचे पाणी, भिंतीवर मारण्याचे पाणी आणि भिंतीत आधीपासून दडून बसलेले पाणी, या तिन्हींचा हिशेब ज्याच्या घरात कोणी ठेवीत नाही, त्याचा गिलावा कितीही कुशल हातांनी झालेला असला तरी टिकत नाही.

नांदुऱ्याच्या जुन्या पेठेत शोभेल असे एक घर कल्पनेत आणावे. पुढे दुकान, त्यावर दोन-चार वर्षांपूर्वी बांधलेल्या विटांच्या, स्लॅबच्या दोन खोल्या. आतील बाजूने त्यांचा गिलावा राहून गेलेला. मध्ये चौक, चौकात बोअर. मागे आजोबांच्या काळची हातभर जाडीची पांढऱ्या मातीची भिंत; तिचा जमिनीपासून कमरेएवढा भाग पोपडे पडून उघडा झालेला. फाल्गुन सुरू आहे. लग्न वैशाखात. मिस्त्रीला बोलावले आहे आणि तो म्हणतो, “दोन्ही कामं एकदमच उरकू, शेठजी. मागच्या भिंतीलाही सिमेंटच मारू. पुन्हा बघायला नको.”

येथेच घाई आवरणे आवश्यक असते. कारण समोरच्या दोन कामांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. वरच्या खोल्यांना नवा गिलावा हवा आहे. मागच्या भिंतीला आधी निदान हवे आहे.

निदानासाठी फार साधने लागत नाहीत. रुपयाचे नाणे घेऊन जुन्या गिलाव्यावर वीतभर अंतराने टकटक करीत जावे. जेथे गिलावा भिंतीला धरून आहे तेथे टणक आवाज येतो. जेथे सुटला आहे तेथे बद्द, पोकळ. पोकळ भागाभोवती खडूने रेघ ओढावी. तेवढाच भाग काढायचा की सगळा, हे त्या रेघाच सांगतात. ओल कोठून येते हेही पाहावे. जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत आडवी पसरलेली ओल पायातून चढते. वरून खाली ओघळणारी ओल छताची वा पन्हाळीची असते. आणि न्हाणीघराच्या मागे एकाच जागी गोल दिसणारी ओल नळाच्या सांध्याची. नळ गळत असताना त्यावर गिलावा करणे म्हणजे गळक्या पिंपाला रंग देण्यासारखे आहे. आधी नळ, पन्हाळ, चौकाचा उतार, गिलावा त्यानंतर.

भेगेचे तसेच. केसासारख्या, जाळीदार भेगा गिलाव्याच्या स्वतःच्या असतात. परंतु खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, नखाचे टोक शिरेल एवढी भेग काळ्या मातीने पाया हलविल्याची खूण असू शकते. तिच्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवून शेजारी तारीख लिहून ठेवावी. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्यावर पट्टी शाबूत राहिली तर भेग थांबलेली आहे. तडकली तर गवंड्याआधी अभियंत्याला बोलवावे. लग्नाच्या घाईत ही पट्टी कोणी लावीत नाही, हे खरे. पण तिरक्या भेगेवर नुसता माल थापला तर दुसऱ्या वर्षी ती त्याच वाटेने परत येते.

जुना गिलावा पाडण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. मातीच्या भिंतीच्या भोकांत, तुळयांच्या टोकांशी चिमण्यांची घरटी असतात आणि फाल्गुन-चैत्र हा त्यांच्या विणीचा काळ. पिले उडून जाईपर्यंत तेवढा भाग सोडून बाकीचे काम सुरू ठेवता येते. मिस्त्रीला हे आधीच सांगितले तर तो आनंदाने ऐकतो. हातोडा चालल्यावर सांगून उपयोग नसतो.

घर रिकामे करण्याबाबत व्यापारी कुटुंबांना फार सांगण्याची गरज नाही. माल हलविण्याची सवय त्यांना असते. तरी दुकानाच्या मागील खोलीतील धान्य आणि कडधान्य, हिशेबाच्या वह्या, संगणक, वजनकाटे यांवर नुसती चादर टाकून भागत नाही. सिमेंटची धूळ चादरीतून आरपार जाते आणि ओलसर हवेत जेथे बसते तेथे धरते. जाड प्लास्टिकचा कागद आणि कडांना चिकटपट्टी, एवढे हवेच. दारांच्या चौकटी, फरशी आणि खिडक्यांच्या काचाही झाकाव्यात. त्यांवर वाळलेला माल खरवडताना जे ओरखडे पडतात ते कायमचे राहतात. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण होते तेथे एक वेगळीच अडचण असते : स्वयंपाकाची वेळ आणि गवंड्याची कामाची वेळ एकच. म्हणून स्वयंपाकघराला लागून काम असेल तर ते सर्वांत आधी आणि सलग उरकावे, तेवढे दिवस चूल दूरच्या खोलीत न्यावी आणि पाण्याची भांडी झाकलेली ठेवावीत. विजेच्या नळ्या, बटणांच्या पेट्या, पाण्याचे पाइप यांच्या झिऱ्या गिलाव्यापूर्वीच फोडून, बुजवून घ्याव्यात. गिलावा झाल्यावर ‘एक पॉइंट राहिला’ असे म्हणणारा इलेक्ट्रिशियन प्रत्येक घराला भेटतोच.

आता पाणी.

मिस्त्रीने चौकातील बोअरकडे बोट दाखवून म्हणावे, “शेठजी, घरचं पाणी आहे, काळजी कसली?” आणि ओट्यावर बसलेल्या आजींनी उत्तर द्यावे, “अरे मिस्त्री, ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, त्यात तुझं सिमेंट शिजेल का?” आजींचे शास्त्र काटेकोर नाही. डाळ न शिजण्याला पाण्याचा जडपणा कारण असतो आणि भिंतीवर फुटणारे मीठ हे काहीसे निराळे प्रकरण आहे. पण खारपाण पट्ट्यात ही दोन्ही बहुधा एकाच विहिरीत नांदतात. त्यामुळे आजींची कसोटी व्यवहारात फारशी चुकत नाही. अधिक खात्री हवी असेल तर क्षार मोजण्याचे खिशात मावणारे टीडीएस मीटर बाजारात मिळते आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुनाही तपासून घेता येतो. काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ (२०००) या भारतीय मानकात कालवण्याच्या पाण्यातील क्लोराइडची मर्यादा दिलेली आहे : लोखंडी सळया नसतील तेथे लिटरला २,००० मिलिग्रॅम, सळया असतील तेथे केवळ ५००. गिलाव्यात सळया नसतात. परंतु स्लॅबच्या पोटाला जो गिलावा लागतो, त्याच्या इंचभर वर सळया असतात, हे विसरून चालत नाही.

वरच्या दोन खोल्यांचा हिशेब मांडून पाहावा. प्रत्येक खोली १२ फूट बाय १२ फूट, उंची १० फूट. एका खोलीच्या चार भिंती ४८० चौरस फूट आणि छत १४४. दोन्ही खोल्यांचे मिळून, दारे-खिडक्या न वगळता, १,२४८ चौरस फूट. म्हणजे गिलाव्याच्या मापाने सुमारे साडेबारा ब्रास. वगळण्याचे वगळून १२ ब्रास धरावे. १२ मिलिमीटर जाडीचा गिलावा १:४ प्रमाणाने केला तर ब्रासमागे साधारण एक बॅग सिमेंट लागते. १:६ प्रमाणाला पाऊण बॅगेच्याही थोडे आत. म्हणजे १२ बॅगा ही वरची मर्यादा झाली. बॅगेमागे, रेतीच्या ओलाव्यानुसार, २५ ते ३० लिटर पाणी धरले तर सारा माल कालवायला ३६० लिटर पाणी पुरते. दोनशे लिटरचे दोन ड्रम. लग्नात पहिल्या पंगतीलाही याहून अधिक पाणी लागते! एवढ्या पाण्यासाठी खाऱ्या बोअरचा आधार घेण्याचे कोणतेही कारण नाही.

क्युरिंगचे गणित याहून मोठे आहे आणि खरी चूक तेथेच होते. १२ ब्रास म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर. एका वेळी चौरस मीटरला एक लिटर, दिवसातून तीन वेळा, दहा दिवस : सुमारे ३,३०० लिटर. बोअरच्या पाण्यात लिटरला ३ ग्रॅम क्षार असतील तर या पाण्यातून जवळजवळ १० किलो मीठ त्या दोन खोल्यांच्या भिंतींवर शिंपडले जाते. पाणी उडून जाते, मीठ उडत नाही. निम्मे ओघळून गेले असे उदारपणे मानले तरी पाच किलो भिंतीत राहिले. तेच पुढे दर पावसाळ्यात हवेतील ओलावा शोषते, विरघळते, थंडीत पुन्हा स्फटिक होऊन फुलते आणि फुलताना रंगाचे पोपडे सुटतात. जुनी माणसे याला लोणा लागणे म्हणतात. लोणा भिंतीला बाहेरून होणारा रोग आहे असे समजून त्यावर दर वर्षी नवा रंग चढविणारी घरे आहेत. त्यांतील कित्येक घरांनी तो रोग क्युरिंगच्या पाण्यातून स्वतःच विकत घेतलेला असतो.

३,३०० लिटर गोडे पाणी म्हणजे एक लहान टँकर. नळाच्या पाण्यातून रोज थोडे साठवूनही ते जमू शकते. सर्वांत उत्तम पाणी मात्र आकाशातून येते. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर १० सेंटीमीटर पाऊस पडला तर नऊ हजार लिटरांहून अधिक पाणी जमा होऊ शकते. ज्यांचे पूर्वज मारवाडातून वऱ्हाडात आले, त्यांच्या घरांतून पावसाचे पाणी साठविण्याच्या टांक्याच्या आठवणी अजून निघतात. तो टांका तरी काय होता? आतून उत्तम चुन्याचा गिलावा केलेले भुयारी भांडेच. पावसाचे पाणी साठवून कार्तिक-मार्गशीर्षात गिलावा काढला तर ऊनही सौम्य असते आणि टँकरही लागत नाही. वैशाखातील लग्नाचे काम दिवाळीनंतर लगेच सुरू करावे, असे म्हणणे सोपे आहे. स्थळ माघात ठरले असेल तर ते शक्य नसते, हे समजण्यासारखे आहे.

रेतीबाबत थोडक्यात. काचेच्या बाटलीत निम्मी रेती, वर मिठाचे पाणी घालून जोराने हलवावे आणि तीन तास स्थिर ठेवावे. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जास्त असेल तर रेती धुऊन घ्यावी अथवा परत करावी. ओली रेती फुगून मापात जास्त भरते. म्हणून घमेल्याच्या अंदाजाऐवजी लाकडी फर्मा वापरावा. ५० किलोच्या बॅगेतील सिमेंट सुमारे ३५ लिटर, म्हणजे सव्वा घनफूट भरते. तेवढ्याच मापाचा फर्मा सुताराकडून करून घेतला की वाद उरत नाही.

मापाचाही वाद आधीच मिटवावा. गवंड्याशी दर ठरतो, मोजायचे कसे हे ठरत नाही, आणि शेवटच्या दिवशी दारे-खिडक्यांवरून आवाज चढतात. सरकारी आणि मोठ्या कामांत जी पद्धत चालते ती आयएस १२०० या मानकाच्या बाराव्या भागात आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या भोकाची वजावट करायची नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या दारा-खिडक्यांची, दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर, एकाच बाजूची वजावट करायची आणि आतल्या कडांचे वेगळे माप धरायचे नाही. त्याहून मोठ्या असतील तर दोन्ही बाजू वजा आणि कडा वेगळ्या मोजायच्या. घरातील बहुतेक दारे-खिडक्या दुसऱ्या प्रकारात मोडतात. हा नियम दोघांनाही सारखाच न्याय देतो. त्याच कागदावर भिंतीला पाणी कोण मारणार, हे लिहावे. बहुतेक मजुरीच्या करारांत ते काम मालकाचे असते आणि मालकाला ते अकराव्या दिवशी कळते.

कामाच्या दिवसांत घरातील एका माणसाने तेथे असावे. पण मिस्त्रीच्या डोक्यावर बसू नये. पाहण्याच्या गोष्टी मोजक्याच आहेत. विटांची भिंत आदल्या दिवशी आणि सकाळी भिजलेली असावी, मात्र तिच्यावरून पाणी ओघळत नसावे. स्लॅब, बीम, कॉलम यांच्या गुळगुळीत पृष्ठभागावर टाचे मारलेले असावेत. जेथे कॉलम आणि वीटकाम एकत्र येतात तेथे सांध्याच्या दोन्ही बाजूंना १० ते १५ सेंटीमीटर येईल अशी जाळीची पट्टी ठोकलेली असावी. त्या सांध्यावरची उभी भेग नव्या घरांत सर्वांत आधी दिसते. छत आधी, भिंती नंतर. माल एका वेळी तेवढाच कालवावा जेवढा अर्ध्या तासात संपेल. दुपारच्या जेवणानंतर आळत चाललेल्या मालावर पाणी ओतून तो पुन्हा मऊ केला जातो, तेथे मात्र स्पष्ट शब्दांत नको म्हणावे. त्या मालाचा जीव गेलेला असतो. तसेच, ओला गिलावा लवकर आवळावा म्हणून वर कोरडे सिमेंट भुरभुरण्याची सवय असते. जाळीदार भेगांचे ते एक कारण आहे. मजुरांना हातमोजे, तोंडाला फडके आणि परांचीला भक्कम फळ्या मिळतात की नाही, हेही मालकानेच पाहावे. सिमेंटने हात सोलवटलेल्या माणसाच्या रंध्यातून एकसारखी भिंत उतरत नाही.

फाल्गुन-चैत्रात घाटाखालचे ऊन आणि कोरडा वारा गिलाव्याचे पाणी सिमेंटच्या आधी पिऊन टाकतात. म्हणून खिडक्यांना ओली गोणपाटे लावावीत, पंखे बंद ठेवावेत आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी मारणे सुरू करावे. किमान सात दिवस. या हवेत दहा. धारेने नव्हे, फवाऱ्याने. सकाळी एकदा भरपूर आणि संध्याकाळपर्यंत विसरले, असे नको. एकदा ओले, एकदा कोरडे अशा हेलकाव्यांनीच भेगा पडतात. ज्या घरात लग्न आहे त्या घरात हे काम कोणाकडे द्यायचे, हा प्रश्न अवघड असतो. नवऱ्या मुलीच्या धाकट्या भावाला दिले तर तो पहिले तीन दिवस उत्साहाने करतो. भिंतीवर खडूने दहा चौकटी काढून प्रत्येक पाण्यानंतर खूण करण्याची युक्ती जुन्या मुनिमांना आवडेल अशी आहे. साठविलेले पाणी झाकून ठेवावे आणि दर दोन-तीन दिवसांनी हौद रिकामा करावा, म्हणजे त्यात जीव होत नाहीत आणि डासांचा त्रासही होत नाही.

पाण्याचा हा सारा खटाटोप नको म्हणून अलीकडे आतील भिंतींना जिप्सम प्लास्टर करतात. त्याला क्युरिंग लागत नाही आणि खाऱ्या पाण्याच्या गावी वरच्या मजल्यावर तो पर्याय विचार करण्याजोगा आहे. न्हाणीघरात, बाहेरच्या अंगाला आणि पायातून ओल चढणाऱ्या भिंतीला मात्र तो चालत नाही. जिप्सम पाण्यात हळूहळू विरघळते.

उरली मागची मातीची भिंत.

मातीची भिंत श्वास घेते असे म्हणतात. हा अलंकार नसून वस्तुस्थिती आहे. पायातून चढलेली ओल अशा भिंतीच्या संपूर्ण पृष्ठभागातून वाफ होऊन निघून जाते आणि सोबत आलेले क्षार बाहेरच्या माती-शेणाच्या लेपात साठतात. तो लेप झडतो, पुन्हा देतात. झडणे हेच त्याचे काम असते. मुख्य भिंत शाबूत राहते. यावर सिमेंटचा गिलावा केला की वाट बंद होते. ओल आतच राहते आणि वर वर चढत जाते. क्षार सिमेंटच्या पाठीमागे साठतात, तेथील माती भुगा होते आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर तो ‘कायमचा’ गिलावा जाळीसकट, आतील वीतभर माती घेऊन, आडवा होतो. मिस्त्रीचे “पुन्हा बघायला नको” अशा रीतीने खरे ठरू शकते. बघायला भिंतच उरत नाही.

याचा एक मोठा धडा बुलढाण्याच्याच डोंगररांगेत, पश्चिमेला अजिंठ्याच्या लेण्यांत आहे. तेथील चित्रे माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. १९२० ते १९२२ या काळात हैदराबाद संस्थानाने लॉरेंझो चेकोनी आणि ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. सुटलेला गिलावा त्यांनी मोठ्या कौशल्याने पुन्हा भिंतीला बसविला आणि चित्रे टिकावीत म्हणून वर लाखेचे वॉर्निश दिले. हेतू निर्मळ होता. पण ते वॉर्निश पुढे पिवळे पडून काळवंडले, त्याने धूळ आणि काजळी धरून ठेवली आणि ते काढण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना अनेक वर्षे खपावे लागले. वर काहीतरी चढविणे म्हणजे जपणे, ही समजूत तेथेही महागात पडली. वेरूळची गोष्ट याच्या उलट आहे. ज्या समूहातील ३० ते ३४ क्रमांकांची लेणी जैन आहेत, त्या वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले आहेत, असे राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. त्या तंतूंनी गिलाव्याला चिवटपणा दिला आणि कीडही दूर ठेवली, असे त्यांचे मत आहे.

मागच्या भिंतीला म्हणूनच तिच्याच जातीचा लेप हवा : चाळलेली पांढरी माती, थोडा मुरलेला चुना, गव्हाचे बारीक भूस. हे मिश्रण काही दिवस भिजत ठेवून, पायांनी तुडवून, दोन पातळ थरांत लावावे आणि वरून चुन्याची सफेदी द्यावी. तैलरंग वा प्लास्टिकचा रंग देऊ नये. पायथ्याशी चौकाचे पाणी साचत असेल तर फरशीचा उतार आधी फिरवावा. असा लेप देणारी माणसे आता कमी उरली आहेत. खेड्यातून एखादी म्हातारी आणि तिची सून शोधून आणावी लागते आणि मिस्त्री त्यांच्याकडे काहीशा तुच्छतेने पाहतो. लग्नाआधी हे जमले नाही तर सैल झालेले पोपडे खरवडून तात्पुरती सफेदी करावी; पाहुणे भिंत पाहायला येत नाहीत. लेपाचे काम दिवाळीनंतर सावकाश होऊ शकते.

वरच्या खोल्यांना रंग केव्हा द्यायचा, हा शेवटचा प्रश्न. गिलावा वरून दोन दिवसांत कोरडा दिसतो. आतून वाळायला महिना लागतो. फाल्गुनाच्या अखेरीस पाणी मारणे थांबले तर चैत्राच्या अखेरीस रंगाऱ्याला बोलावता येते आणि वैशाख गाठता येतो. पण पंचांगावर विसंबण्याऐवजी भिंतीलाच विचारावे. हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक दिवस तसाच राहू द्यावा. दुसऱ्या दिवशी कागदाच्या आतल्या बाजूला दव जमलेले दिसले, तर रंगाऱ्याला आठवडाभराने यायला सांगावे आणि कागद पुन्हा लावावा.